भागाची किंमत कशावर ठरते ?

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां एक गोष्ट माझ्या वारंवार नजरेस येत असे. एकाच शिवारांत, एकाच बांधाला लागून असलेले दोन सर्व्हे नंबर. माती तीच, विहिरीचें पाणी तेंच, रस्ताही तोच. परंतु विक्रीची वेळ आली म्हणजे एकाला गिऱ्हाईक धांवत येई, आणि दुसऱ्याकडे कोणी फिरकत नसे. याचें कारण मातींत सांपडत नसे, तें दप्तरांत सांपडे. पहिल्याचा सातबारा निर्वेध. मालकाचें नांव स्पष्ट, फेरफार वेळच्या वेळीं मंजूर झालेले, इतर हक्कांत कसलाही बोजा नाहीं. दुसऱ्याच्या उताऱ्यावर मयत आजोबांचें नांव तसेंच राहिलेलें, वारसांची नोंद अपुरी, सोसायटीचें कर्ज फिटलें कीं नाहीं याचा पत्ता नाहीं. घेणारा मनुष्य माती हातांत घेऊन पाहतो खरा, पण पैसे मात्र तो कागद पाहून मोजतो.

कंपनीच्या भागाची गोष्ट अशीच आहे. यंत्रें, गुदामें, जमिनी व माणसें ही कंपनीची माती होय. तिचा कारभार व हिशेब हा तिचा उतारा होय. आणि ती आसपासच्या लोकांशीं कशी वागते, हा तिचा बांध होय. बांधावरून रोज तंटा असेल तर काळी कसदार जमीनही निम्म्या भावांत जाते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

हल्लीं मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून ‘सुशासन’ आणि ‘सामाजिक जबाबदारी’ हे दोन शब्द फार आढळतात, आणि या दोहोंमुळें कंपनीची किंमत वाढते असें तेथें सांगितलेलें असतें. तें कितपत खरें आहे, आणि आपल्यासारख्या लहान भागधारकांनीं त्यांतून काय घ्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे. विषय शहरी वाटेल. पण तो आतां आपल्या उंबऱ्याशीं आला आहे. २००३ सालापासून शेतकऱ्यांना कायद्यानें स्वतःची उत्पादक कंपनी काढतां येते, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें दहा हजार शेतकरी उत्पादक संघ उभे करण्याची योजना हातीं घेतल्यापासून तालुक्यातालुक्यांतून अशा कंपन्या निघाल्या आहेत. ज्याच्या घरीं कधीं शेअरचा कागद नव्हता, तो शेतकरी आज भागधारक झाला आहे.

किंमत म्हणजे काय ?

कंपनीची किंमत दोन प्रकारांनीं मोजतात. एक वहींतली : सर्व मालमत्तेंतून सर्व देणें वजा करावें, आणि उरलेल्या रकमेस भागांच्या संख्येनें भागावें. दुसरी बाजारांतली : तो भाग घ्यावयास गिऱ्हाईक आज जें देईल ती. या दोन किंमती क्वचितच सारख्या असतात. जेम्स टोबिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नांवानें एक गुणोत्तर प्रसिद्ध आहे. कंपनीची बाजारांतील किंमत, आणि तीच मालमत्ता नव्यानें उभी करावयास लागणारा खर्च, यांचें तें प्रमाण होय. तें एकाहून अधिक भरलें, तर लोक त्या कंपनीस तिच्या विटामातीहून जास्त मोल देतात असें समजावें.

हें जास्तीचें मोल पुढें मिळणाऱ्या नफ्याच्या आशेचें असतें. आणि ती आशा ज्या आंकड्यांवर बांधलेली असते, ते आंकडे खरे आहेत या भरंवशाचें असतें. भरंवसा उडाला म्हणजे जास्तीचें मोल एका दिवसांत जातें, आणि वहींतल्या किंमतीवरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

कारभार व लोकसेवा यांचा किंमतीशीं संबंध काय, याचा शोध विद्वानांनीं देशोदेशींच्या कंपन्यांचे आंकडे घेऊन केला आहे. कारभार चोख असेल तर भांडवल देणारा कमी साशंक राहतो, हें सहज समजण्यासारखें आहे. लोकोपयोगी खर्चाविषयीं मात्र मतें एक नाहींत. जास्त खर्च करणारी कंपनी नफ्यांत असते असें दिसलें, तरी खर्चामुळें नफा आला, कीं नफा होता म्हणून खर्च झाला, हें सांगणें कठीण. ज्याच्या घरीं पीक आलें तोच गांवजेवण घालतो. म्हणून गांवजेवणानें पीक आलें असें आपण म्हणत नाहीं.

दोन टक्क्यांचा कायदा

आपल्या देशांत २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें हा खर्च सक्तीचा केला. तो १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आला. ज्या कंपनीची निव्वळ संपत्ति ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करावे, असा हा नियम आहे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचें पाणी, ग्रामविकास वगैरे कामांची यादी कायद्यास जोडलेली आहे. २०२१ सालापासून न खर्चलेली रक्कम नेमून दिलेल्या निधींत अगर खात्यांत भरण्याचें बंधनही आलें.

या कायद्यानें पुष्कळ गांवांस शाळाखोल्या व बंधारे मिळाले, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्यांतील एक तरतूद शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावी. कंपनीच्या नित्य व्यवहाराचा भाग असलेलें काम या दोन टक्क्यांत धरलें जात नाहीं. केवळ तिच्याच नोकरांच्या फायद्याचें कामही धरलें जात नाहीं. याचा अर्थ असा कीं, एखाद्या कारखान्यानें आपल्या मालाचें वजन चोख केलें, पैसे ठरल्या दिवशीं दिले आणि ओढ्यांत मळीचें पाणी सोडलें नाहीं, तर या खात्यांत त्याच्या नांवें एक पैसाही जमा होत नाहीं. उलट ओढा नासवून त्याच गांवच्या शाळेस बांकें दिलीं, तर तीं मात्र जमा होतात. यांत कायदा करणाऱ्यांचा दोष काढण्याचा माझा हेतु नाहीं. कायद्यास खर्च मोजतां येतो. वागणूक मोजावयाची ती ज्याच्याशीं कंपनी वागते त्यानेंच.

सत्यमची गोष्ट

लोकसेवा उत्तम आणि कारभार खोटा असला म्हणजे किंमतीचें काय होतें, याचा धडा हैदराबादच्या सत्यम कंपनीनें साऱ्या देशास घालून दिला. बी. रामलिंग राजू यांनीं १९८७ सालीं ही संगणकाच्या कामाची कंपनी काढली. वीस वर्षांत तिच्याकडे पन्नास हजारांहून अधिक नोकर झाले, आणि तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांतही विकले जाऊं लागले.

लोकसेवेंत राजू कुटुंब मागें नव्हतें. वडिलांच्या नांवानें काढलेल्या संस्थेमार्फत आंध्रांतील खेड्यांत शुद्ध पाण्याचीं व आरोग्याचीं कामें चाललीं होतीं. १०८ हा क्रमांक फिरवला असतां रुग्णवाहिका दारीं यावी, ही सोय २००५ सालीं हैदराबादेस त्यांच्याच पुढाकारानें सुरू झाली; त्याच क्रमांकाची सेवा २०१४ पासून आपल्या महाराष्ट्रांतही आहे, आणि शेतांत सर्पदंश झालेल्या कित्येकांना ती उपयोगी पडली असेल. एवढेंच नव्हे, तर २००८ च्या सप्टेंबरांत सत्यमला उत्तम कारभाराबद्दल ‘सुवर्ण मयूर’ नांवाचा पुरस्कारही मिळाला. संचालक मंडळावर नामांकित विद्वान होते, आणि हिशेब तपासणारी पेढीही जगांतील अग्रगण्य पेढ्यांपैकीं होती.

१६ डिसेंबर २००८ रोजीं मंडळानें ठराव केला कीं, कंपनीची शिल्लक घालून जमिनी व बांधकाम यांचा धंदा करणाऱ्या मेटास नांवाच्या दोन कंपन्या घ्याव्या. व्यवहार १६० कोटी डॉलरचा होता. या कंपन्या राजूंच्या मुलांशीं संबंधित होत्या. सत्यम हें नांव रोमन लिपींत उलटें लिहिलें म्हणजे मेटास होतें. संगणकाच्या कंपनीनें घरच्यांच्या जमिनी कां घ्याव्या, असा भागधारकांनीं गिल्ला केला, आणि दुसरा दिवस उजाडतांच ठराव मागें घ्यावा लागला. यानंतर मंडळावरील कांहीं विद्वानांनीं राजीनामे दिले.

खरें कारण ७ जानेवारी २००९ रोजीं कळलें. त्या दिवशीं राजूंनीं मंडळास पत्र लिहून कबुली दिली. वहींत दाखविलेल्या रोख व बँकेंतील शिलकेपैकीं ५०४० कोटी रुपये अस्तित्वांतच नव्हते. ३७६ कोटींचें व्याज न येतां येणें दाखविलें होतें. १२३० कोटींचें देणें लपविलें होतें. आणि येणें ४९० कोटींनीं फुगविलें होतें. एकंदर घोटाळा ७१३६ कोटींचा. २००८ च्या सप्टेंबरअखेरच्या एका तिमाहींत ६४९ कोटींची कमाई दाखविली होती. ती खरोखर ६१ कोटी होती. दर तिमाहीस थोडी थोडी वाढ करीत आरंभींचा लहानसा फरक इतका मोठा झाला कीं, त्यांतून बाहेर पडण्याची वाटच उरली नाहीं. मेटासचा व्यवहार हा नसलेली शिल्लक जमिनींत मुरविण्याचा शेवटचा उपाय होता, असें त्या पत्रावरून दिसतें.

आदल्या दिवशीं १७८ रुपये ९५ पैशांस विकला जाणारा भाग त्या दिवशीं बाजार बंद होतांना ३९ रुपये ९५ पैशांवर आला. शंभरांतील अठ्याहत्तर रुपये, म्हणावे तर, एका पत्रानें गेले. १०८ क्रमांकाच्या गाड्या त्या दिवशींही धांवत होत्या, आणि पाण्याचीं केंद्रेंही चालूच होतीं. पण भाग विकावयास निघालेल्या कोणालाही त्यांचा आधार वाटला नाहीं.

यापुढील भाग तितकाच बोधप्रद आहे. केंद्र सरकारनें जुनें संचालक मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आदि मंडळींस नेमलें. त्यांनीं गिऱ्हाइकें व नोकर टिकवून धरले, आणि हिशेब नव्यानें करावयास लावले. एप्रिल २००९ मध्यें टेक महिंद्र कंपनीनें ३१ टक्के भाग दर भागास ५८ रुपये देऊन घेण्याची बोली जिंकली. २०१३ सालीं सत्यम तिच्यांत विलीन झाली. एप्रिल २०१५ मध्यें हैदराबादच्या विशेष न्यायालयानें राजू व इतरांस दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. खोटेपणा उघड झाल्यावरही कंपनीस गिऱ्हाईक मिळालें, याचें कारण माणसें कामसू होतीं व काम खरें होतें. माती चांगली होती; उतारा खोटा होता. उतारा दुरुस्त होऊं लागतांच मातीस पुन्हा मोल आलें. मात्र मधल्या काळांत ज्यानें घाबरून भाग विकला, त्या लहान मनुष्याचे पैसे बुडाले ते बुडालेच.

चांगलें नांव कशानें मिळतें ?

एवढ्यावरून लोकसेवा ही सारी नटवेगिरी असें कोणी समजूं नये. साक्ची येथें, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, टाटांच्या पोलाद कारखान्यानें १९१२ सालीं कामगारांस आठ तासांचा दिवस दिला. १९११ च्या कायद्याप्रमाणें कापड गिरण्यांतील पुरुषांकडून दिवसास १२ तास काम घेण्याची त्या वेळीं मुभा होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळतें. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव पडले आणि १९२४ सालीं कारखान्याकडे पगार भागविण्यापुरतेही पैसे राहिले नाहींत. तेव्हां सर दोराबजी टाटांनीं पत्नीच्या प्रसिद्ध हिऱ्यासह आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज उभें केलें. त्याच वर्षीं सरकारनें परदेशी पोलादावर संरक्षक जकातही बसविली, आणि कारखाना तरला. नुसत्या चांगुलपणानें तो तरला असें म्हणणें खरें होणार नाहीं. पण संकटाच्या वेळीं चालकानें स्वतःचें घर आधीं पणास लावलें, ही गोष्ट बँकेनें पाहिली, कामगारांनीं पाहिली, आणि त्या घराण्याच्या नांवास जी पत आली ती पुढें कित्येक दशकें उपयोगी पडली. तेथील जबाबदारी धंद्याच्या पोटांतच होती. नफ्यांतून बाजूस काढलेल्या रकमेंत नव्हती.

मात्र याच घराण्याच्या इतिहासाचें दुसरें पानही शेतकऱ्यांच्या मासिकानें वाचलें पाहिजे. १९२१ सालीं पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठीं मावळ्यांच्या भातजमिनी जाऊं लागल्या. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून कित्येक गांवांनीं पाण्याखालीं जावें, असा तो बेत होता. त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापति बापट त्यांत पुढें होते आणि त्यांस कारावास भोगावा लागला. धरण अखेर झालें. जमशेदपुरच्या कामगारास आठ तासांचा दिवस मिळाला, त्याचा मुळशीच्या मावळ्यास कांहीं उपयोग झाला नाहीं. कंपनीच्या वहींत धरणाचा खर्च चढला. पण गेलेल्या गांवाचें मोल ज्या रकान्यांत मांडावें, तो रकानाच वहींत नव्हता.

भूसंपादनाच्या नोटिसा लिहिण्याचें काम मीं केलें आहे. १८९४ च्या जुन्या कायद्याखालीं मोबदल्याचा आंकडा लिहितांना घरधन्याची संमति विचारण्याचा प्रश्नच येत नसे. २०१३ सालीं झालेल्या नव्या कायद्यानें खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असल्यास बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची संमति व सामाजिक परिणामांचा अभ्यास आवश्यक केला. म्हणजे जो खर्च कंपन्या दुसऱ्याच्या माथीं टाकीत, तो उशिरानें कां होईना त्यांच्या हिशेबांत येऊं लागला. आज जी हानि वहींत दिसत नाहीं, ती उद्यां कायदा होऊन, खटला होऊन अगर काम बंद पडून वहींत येतेच. म्हणून शहाणा भांडवलदार ती आधींच विचारतो. सामाजिक जबाबदारीचा किंमतीशीं खरा संबंध माझ्या मतें येथें आहे : ज्यांच्याशीं धंद्याचा रोजचा संबंध येतो त्यांचें देणें जी कंपनी वेळच्या वेळीं फेडते, तिच्यावर पुढें अचानक बोजा चढत नाहीं.

आपल्या स्वतःच्या कंपन्या

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. शेतकरी उत्पादक कंपनी इतर कंपन्यांहून तीन बाबतींत वेगळी आहे. व्यक्ति सभासद असतील तेथें भाग कितीही असले तरी प्रत्येकास मत एकच. तिचे भाग शेअरबाजारांत विकले जात नाहींत. मंडळाच्या परवानगीनें ते दुसऱ्या उत्पादक सभासदास दर्शनी किंमतीनें देतां येतात. आणि नफ्याचा मोठा भाग भांडवलाच्या प्रमाणांत न वांटतां, ज्यानें जितका माल घातला त्या प्रमाणांत बोनस म्हणून वांटतां येतो.

तेव्हां दर्शनी दहा रुपयांचा भाग कधींच पन्नास रुपयांचा होणार नसेल, तर अशा कंपनीस किंमत ती कोणती, असें कोणी विचारील. तिची किंमत चार ठिकाणीं दिसते : काट्यावर मिळणाऱ्या भावांत, वर्षाअखेरच्या बोनसांत, बँकेनें दिलेल्या कर्जाच्या व्याजाच्या दरांत, आणि बाजारांत व्यापाऱ्यानें दोन रुपये जास्त देऊं केले तरी सभासद आपला माल कोठें नेतो यांत. चौथी कसोटी सर्वांत कठीण, कारण तेथें कोणाची शिफारस चालत नाहीं.

दानधर्माविषयीं या कंपन्यांचा कायदाही मोठा मार्मिक आहे. मोठ्या कंपनीनें निदान २ टक्के खर्च करावे असें कायदा म्हणतो. उत्पादक कंपनीनें मात्र देणग्या आदल्या वर्षींच्या निव्वळ नफ्याच्या ३ टक्क्यांपलीकडे देऊं नयेत, आणि त्याही सभासदांच्या विशेष ठरावानेंच द्याव्या, असें तोच कायदा सांगतो. राजकीय पक्षास तर कांहींच देतां येत नाहीं. मोठ्या कंपनीस किमान आणि आपल्यास कमाल, असें कां ? कारण आपल्या कंपनीचे सभासद हेच ते लोक, ज्यांची सेवा करावयाची. येथें नफा हा सभासदांच्या मालाचा राखून ठेवलेला पैसा असतो, आणि तो संचालकांनीं आपल्या नांवें वांटावा हें कायद्यास मान्य नाहीं.

चांगलें उदाहरण आपल्याजवळच आहे. २०१० सालीं औषधाचा अंश सांपडल्यामुळें आपल्याकडील द्राक्षांच्या खेपा युरोपांत अडल्या, आणि बागाईतदारांचें फार नुकसान झालें. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी तालुक्यांतील मोहाडी येथें सह्याद्रि फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचा आरंभ झाला. निर्यातीच्या द्राक्षास बागेची नोंद व पेटीचा माग लागतो. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कधीं झाली, हें लिहिलेलें असावें लागतें. म्हणजे येथें नोंदवही हाच मालाचा अर्धा दर होय. २०२२ सालीं बेल्जियम, नेदरलँड व फ्रान्स येथील गुंतवणूकदार संस्थांनीं सह्याद्रीच्या प्रक्रिया करणाऱ्या कंपनींत सुमारे ३१० कोटी रुपये घातले. इतक्या दूरचा मनुष्य आपला बांध पाहावयास रोज येऊं शकत नाहीं. तो वही पाहूनच पैसे देतो.

माझी चूक

दुसरें उदाहरण सांगण्यास मला संकोच वाटतो, कारण त्यांत दोष माझाही आहे. नोकरींतून मोकळा झाल्यावर आमच्या भागांत निघालेल्या एका उत्पादक कंपनीचा मी सभासद झालों. तिचें नांव येथें सांगत नाहीं. माझ्या शब्दावर माझ्या चुलत भावानेंही पैसे घातले; बैल विकून आलेल्या रकमेंतले ते पैसे होते. पहिलीं दोन वर्षें तुरीची खरेदी बरी झाली. संचालकांनीं शाळेंतील मुलांस दप्तरें वांटलीं, उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर फिरविला, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं. आम्हां सर्वांस अभिमान वाटला.

वार्षिक सभा मात्र भरत नव्हती. एके दिवशीं कंपनीचा मुलगा हजेरीचें पुस्तक घेऊन घरीं आला आणि म्हणाला, “काका, सभेची सही राहिली आहे.” सभा कोणत्या दिवशीं झाली, कोणते ठराव झाले, ताळेबंद कोठें आहे, यांतील एकही प्रश्न मीं विचारला नाहीं. चहा पाजला आणि सही केली. ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांच्या फेरफारांत नोटीस बजावली कीं नाहीं हें तपासलें, त्यानें स्वतःच्या पैशांच्या कागदावर न वाचतां सही केली.

तिसऱ्या वर्षीं बँकेनें कर्जासाठीं तपासलेले हिशेब मागितले. ते तयार नव्हते. कर्ज नाकारलें गेलें, तुरीचे पैसे महिनोन् महिने थकले, आणि सभासदांनीं माल पुन्हा आडत्याकडे नेण्यास सुरवात केली. पुढें कंपनीच्या दारास कुलूप लागलें. पैसे कोणी खाल्ले असें मी म्हणत नाहीं. वहीच नसल्यामुळें खाल्ले कीं नाहीं हें देखील कळण्यास मार्ग उरला नाहीं. दप्तरें वांटलीं तीं खरीं होतीं, टँकरही खरा होता. चुलत भाऊ मला अजून एका शब्दानें बोलला नाहीं. परंतु पोळ्याच्या दिवशीं त्याच्या दारावरून जातांना माझी मान वर होत नाहीं.

सभासदांनीं काय पाहावें

या अनुभवावरून शेतकरी बंधुभगिनींस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) सभेची नोटीस निदान १४ दिवस आधीं आली पाहिजे, आणि तिच्याबरोबर तपासलेला ताळेबंद असला पाहिजे. दोन वार्षिक सभांमध्यें १५ महिन्यांहून अधिक अंतर पडूं नये. नियमावलींत जास्त संख्या सांगितली नसेल तर चतुर्थांश सभासद हजर असल्याशिवाय सभा पुरी होत नाहीं. घरीं आलेल्या पुस्तकावर सही करूं नये.

(२) ताळेबंदांत दाखविलेली बँकेची शिल्लक बँकेच्या दाखल्याशीं जुळवून पाहावी. सत्यममध्यें नेमका हाच आंकडा खोटा होता. हें काम करण्यास पदवी लागत नाहीं. ज्याला पासबुक वाचतां येतें त्याला तें करतां येतें.

(३) संचालकांच्या नातलगांच्या दुकानांतून, गाडींतून अगर गुदामांतून किती पैशांचा व्यवहार झाला, हें सभेंत नांवानिशीं विचारावें. व्यवहार वाईटच असेल असें नाहीं. पण तो झांकलेला नसावा.

(४) देणगी द्यावयाची असल्यास विशेष ठराव मागावा. सभासदांच्या मालाचे पैसे थकलेले असतांना देणगीच्या ठरावास मत देऊं नये. थकलेलें देणें फेडणें ही पहिली लोकसेवा होय.

(५) काटा, प्रतवारी व पैसे देण्याची तारीख या तिन्हींची नोंद सर्वांस दिसेल अशी फलकावर लावण्यास सांगावें. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा अहवाल आपल्यासारख्यांना तेवढा पुरे.

अशा प्रश्नांनीं संचालकांचा अपमान होतो, असें कांहीं ठिकाणीं समजलें जातें. तें खरें नव्हे. प्रामाणिक संचालकास असा प्रश्न म्हणजे आधारच असतो, कारण उद्यां कोणी आळ घेतला तर सभेंत दिलेलें उत्तर त्याच्या बाजूनें उभें राहतें. आणि भाग लहान म्हणून आपल्या प्रश्नाला वजन नाहीं असेंही कोणी समजूं नये. उत्पादक कंपनींत हजार भागांच्या धन्यास जितकें मत, तितकेंच दहा भागांच्या धन्यासही आहे.

येत्या महिन्यांत आमच्या गांवीं नवी उत्पादक कंपनी काढण्याचा विचार पुन्हा सुरू आहे. मजकडे मंडळी आली होती. वर्गणी देण्यापूर्वीं मीं एकच अट घातली कीं, किर्द लिहिण्याचें व दर महिन्याची जमाखर्चाची बेरीज चावडीसमोर लावण्याचें काम पहिलें वर्षभर मजकडे द्यावें. त्याचें वेतन मला नको. चुलत भावाकडे अजून कोणी गेलेलें नाहीं. पहिल्या वर्षाची वही पुरी झाली म्हणजे ती घेऊन मी स्वतःच त्याच्याकडे जाणार आहें. तो ती वाचील, आणि मग घालावयाचे तर पैसे घालील.